याच्यावर पथ्य काय?

‘पथ्य’ हा शब्द आपल्या भाषेत जुना आणि मानाचा आहे. पण माझं स्पष्ट मत असं की हल्ली तो पार निकामी झालाय. एक तर तो सगळ्यावर बंदी घालतो (वांगं नको, आंबट नको, दही नको, मासे तर नकोच नको), नाहीतर काहीच सांगत नाही. डॉक्टर म्हणतात, "सगळं खा, काही पथ्य नाही." घरातली म्हातारी माणसं म्हणतात, "काहीच खाऊ नको." आणि या दोन टोकांच्या मधे जे खरोखर सांगायला हवं असतं, ते मात्र कोणीच सांगत नाही.

माहीत नसणाऱ्यांसाठी सांगते. रेवदंड्याजवळ आमचं औषधांचं दुकान आहे आणि मी शिक्षणाने फार्मासिस्ट आहे. मी डॉक्टर नाही, तेव्हा हे वाचून कोणी आपली गोळी कमी-जास्त करू नये, ही आधीच हात जोडून विनंती. पण काउंटरमागे बसून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. डॉक्टरांना गोळी दिसते, ताट दिसत नाही. घरच्यांना ताट दिसतं, गोळीचं नावसुद्धा वाचता येत नाही. ताट आणि गोळी एकाच वेळी पाहणारा माणूस आपल्याकडे फार क्वचित भेटतो.

औषधांच्या डब्यातला घडी घातलेला कागद बघा. मुंगीच्या अक्षरात, इंग्रजीत लिहिलेलं असतं की अमुक गोळीबरोबर ग्रेपफ्रूट खाऊ नका, तमुक गोळीबरोबर जुनं चीज खाऊ नका. आता सांगा, चौल-रेवदंड्यात ग्रेपफ्रूट कोण खातं? कागदवाल्यांचं चूक नाही, त्यांच्या ताटात जे होतं ते त्यांनी लिहिलं. आपल्या ताटात बांगडा आहे, सुकट आहे, शहाळं आहे, अळू आहे, शेवग्याचा पाला आहे. त्यांच्याबद्दल आपल्या भाषेत कोण लिहिणार?

सुरुवात बांगड्यापासूनच करते, कारण माझ्या मते आपल्या किनाऱ्यावरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

टीबीचा साधा कोर्स सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधं, नंतरचे चार महिने तीन. या सहाही महिन्यांत एक औषध कायम असतं, त्याचं नाव आयसोनियाझिड. शिवाय टीबीच्या पेशंटबरोबर राहणाऱ्या घरच्यांनाही आजार होऊ नये म्हणून हेच औषध काही महिने देतात. म्हणजे एका कोळीवाड्यात किंवा आगरी पाड्यात एका वेळी किती घरांत ही गोळी असू शकेल, विचार करा.

आता माशाची बाजू. बांगडा, सुरमई, कुपा ही सगळी एकाच कुळातली मंडळी. तारली त्या कुळातली नाही, पण या बाबतीत त्यांच्याच पंगतीला बसणारी. यांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं द्रव्य भरपूर असतं. मासा उन्हात, बर्फाशिवाय पडून राहिला की जंतू त्या हिस्टिडिनचं हिस्टामिन करतात. हिस्टामिन म्हणजे तेच, जे अंगावर पित्त उठतं तेव्हा शरीरात मोकळं होतं. थोडंफार हिस्टामिन पोटात गेलं तरी बिघडत नाही. आतड्यात ते मोडून टाकणारं एक एन्झाइम असतं. आयसोनियाझिड नेमकं त्या एन्झाइमलाच आवर घालतं.

म्हणजे होतं काय, की घरातल्या पाच जणांनी तेच बांगड्याचं कालवण खाल्लं तर चौघांना काही होत नाही आणि टीबीची गोळी घेणाऱ्याचं तोंड लालभडक होतं. डोकं ठणकतं, छाती धडधडते, अंगाला खाज सुटते, कधी उलट्या होतात. जेवल्यावर काही मिनिटांत किंवा तास-दोन तासांत. आणि हे हिस्टामिन शिजवून जात नाही, तळून जात नाही, खारवून-सुकवूनही जात नाही. मासा एकदा बिघडला की बिघडला.

ही काही माझ्या डोक्यातली कल्पना नाही. १९७७ साली श्रीलंकेतल्या उरगोडा आणि कोट्टेगोडा या दोघांनी टीबीच्या पेशंटांमधल्या अशा घटनांवर लेख लिहिला होता. तिथे तो मासा होता ट्यूना कुळातला, म्हणजे आपल्या कुप्याचा भाऊबंद. श्रीलंका म्हणजे काही परका मुलूख नव्हे. तसाच समुद्र, तसाच नारळ, तसंच भात-कालवण. जवळपास पन्नास वर्षं झाली या गोष्टीला. आमच्या बाजारात मासे विकत घेणाऱ्या किती टीबी पेशंटांना हे कोणी सांगितलंय? मी विचारून पाहिलं आहे. ज्यांना विचारलं त्यांतल्या एकालाही माहीत नव्हतं.

यात खरं नुकसान कसं होतं ते सांगते. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर एक चाळिशीतले गृहस्थ दुकानात आले. खाजेवर काहीतरी द्या म्हणाले. विचारत गेले तेव्हा कळलं की टीबीची औषधं चालू होती, आणि आठवडाभरापूर्वी त्यांनी ती बंद केली.

"का हो दादा?"

"ताई, गोली जाम गरम परते. तोंड पेटतंय, छाती धरधरते."

"रोज होतं का असं?"

रोज नाही म्हणाले. कधी आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. आता गोळी तर रोजची. गोळीच गरम पडत असती तर रोजच पडली असती ना? मग मी विचारलं, त्या दिवशी कालवण कसलं होतं? ते आठवत राहिले. बांगडा. त्याच्या आधी? बांगडाच. कामावरून परत येताना, दिवेलागणीला, बाजार उठायच्या वेळी घेतलेला. शेवटचा वाटा स्वस्त मिळतो म्हणून.

निदान करणं माझं काम नाही. मी त्यांना एका चिठ्ठीवर हे सगळं लिहून दिलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या सरकारी केंद्रावर पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, तपासलं, औषधं पुन्हा सुरू केली आणि मासा ताजा असेल तरच खायला सांगितलं. कोर्स पुरा झाला. आजही ते येता-जाता हात करतात.

पण चिठ्ठी नसती तर? टीबीची औषधं अर्धवट सोडली की उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. मग तो दुसऱ्याच जातीचा टीबी, जास्त औषधं, जास्त त्रास, आणि तोच टीबी घरातल्या पोरांनाही लागायची भीती. एवढं सगळं कशावरून, तर एका शिळ्या बांगड्यावरून आणि ‘गरम पडतं’ या दोन शब्दांवरून! आपल्याकडे ‘उष्ण पडलं’ म्हटलं की चौकशी संपते. माझं म्हणणं, चौकशी तिथून सुरू व्हायला हवी.

आता कोणी म्हणेल, मग सहा महिने मासेच बंद करा की. हे मला अजिबात मान्य नाही. टीबी हा खंगवणारा आजार, त्यात पोटात प्रथिनं जायलाच हवीत. सरकारही निक्षय पोषण योजनेतून पेशंटच्या खात्यात पैसे भरतं, २०१८ पासून महिना ५०० रुपये आणि नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये. झारखंडमधला एक मोठा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात टीबी पेशंटच्या घरच्यांना नीट शिधा दिल्यावर त्यांच्यात टीबी होण्याचं प्रमाण साधारण ३९ टक्क्यांनी कमी झालं. अन्नाची ताकद एवढी आहे. आपल्या किनाऱ्यावर गरिबाचं प्रथिन म्हणजे मासा. तो तोडून चालणार नाही.

म्हणून पथ्य नेमकं हवं. बांगडा-कुपा-सुरमई-तारली घ्यायची तर सकाळची, बर्फातली, कल्ले लाल असलेली, आणि घरी आणल्या आणल्या शिजवायची. संध्याकाळचा नरम पडलेला वाटा कितीही स्वस्त असो, त्या घरासाठी नाही. वासावर मात्र फार विसंबू नका, हिस्टामिन झालेल्या माशाला प्रत्येक वेळी वास येतोच असं नाही. जून-जुलैची मासेमारी बंदी असते तेव्हा खारा बांगडा जपून. पापलेट किंवा जिताड्यासारख्या पांढऱ्या मांसाच्या माशांत ही भानगड बरीच कमी, पण त्यांचे भाव बघता हा सल्ला देताना माझीच जीभ अडखळते. तेव्हा अंडी आणि डाळ आहेतच. आणि जेवल्यावर तोंड लाल झालं, धडधडलं, तर गोळी बंद न करता आधी डॉक्टर गाठायचा आणि त्यांना काय खाल्लं ते सांगायचं. बस्स, एवढंच पथ्य. चार ओळींचं.

गंमत म्हणजे परदेशी कागदावरच्या त्या ‘चीज’ची गोष्टही याच घराण्यातली आहे. आयसोनियाझिडचं एक भावंड होतं, आयप्रोनियाझिड. तेही १९५२ च्या सुमाराला टीबीवरच वापरलं जात होतं. त्याने पेशंटांची मनं उल्हसित होतात असं दिसलं आणि त्यातून नैराश्यावरच्या औषधांचं एक कुळ जन्माला आलं. पुढे इंग्लंडमधल्या रो नावाच्या एका फार्मासिस्टच्या लक्षात आलं की त्याच कुळातली गोळी घेणाऱ्या आपल्या बायकोचं डोकं चीज खाल्लं की भयानक दुखतं. त्याने पत्र लिहून ते कळवलं. बॅरी ब्लॅकवेल या तरुण डॉक्टरने त्याचा पाठपुरावा केला आणि १९६३ साली ते छापून आलं. चीजमधल्या टायरामिनमुळे रक्तदाब एकदम उसळत होता. मला ही गोष्ट फार आवडते (आमच्याच धंद्यातला माणूस म्हणूनही असेल!). कारण सुरुवात प्रयोगशाळेत झाली नाही. ती एका घरात झाली, जिथे एकच माणूस बायकोचं ताटही बघत होता आणि तिची गोळीही.

आमच्या नात्यातही असं एक उदाहरण आहे. माझ्या एका मामांच्या हृदयाची झडप बदललेली आहे. त्यांना रक्त गोठू नये म्हणून एसिनोकुमारॉलची गोळी कायमची. ही गोळी लिव्हरमधल्या व्हिटॅमिन के च्या कामात अडथळा आणते आणि रक्त पातळ ठेवते. ते किती पातळ हे आयएनआर नावाच्या तपासणीत कळतं. मामांचा तो आकडा अडीच ते साडेतीनच्या मधे ठेवायला सांगितलाय. वर्षभर ठीक असायचा. श्रावणात मात्र दोनच्या खाली घसरायचा, मग डोस वाढायचा. आणि गौरी-गणपती उरकले की पाचच्या घरात जायचा, दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं. पुन्हा डोस कमी. असं लागोपाठ दोन वर्षं झालं. डॉक्टर बदलून झाले, लॅब बदलून झाली.

शेवटी मामीने विचारलं, "हे श्रावणातच का गं होतं?" उत्तर तिच्याच स्वयंपाकघरात होतं. श्रावणात त्यांच्याकडे मासे बंद. मग टाकळा, माठ, अळूचं फतफतं, शेवग्याचा पाला, शेवटी ऋषीची भाजी. हिरव्या पाल्यात व्हिटॅमिन के भरपूर. गोळीला ते भारी पडायचं आणि रक्त घट्ट व्हायचं. मासे सुरू झाले, पाला ताटातून गेला की वाढवलेला डोस अंगाशी यायचा. मामीचा प्रश्न मी मामांच्या फाइलमध्ये लिहून दिला. आता ती वर्षभर, रोज साधारण सारखीच, एक वाटी पालेभाजी करते. श्रावण आला म्हणून तीन वाट्या नाहीत आणि श्रावण सरला म्हणून शून्य नाही. श्रावणात एक तपासणी जास्तीची, तीही डॉक्टरांच्या सांगण्यावरून. इथेही पथ्य पालेभाजी सोडायचं नाही. पालेभाजी सारखी ठेवायचं आहे. ‘सोडा’ आणि ‘सारखं ठेवा’ यात केवढा फरक आहे बघा.

तिसरी गोष्ट शहाळ्याची. आपल्या वाड्यांमध्ये नारळाला तोटा नाही, आणि आजाऱ्याला भेटायला जाताना हातात शहाळं नेणं ही तर आपली रीतच. चांगलीच रीत आहे. पण एका पेलाभर शहाळ्याच्या पाण्यात साधारण ४०० ते ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. धडधाकट किडनी ते सहज बाहेर टाकते. किडनी अशक्त असेल, आणि त्यात ब्लडप्रेशरसाठी टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी गोळी, किंवा हृदयासाठी स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल, तर ही औषधं पोटॅशियम शरीरात अडवून धरतात. ते फार वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात, तेही फारशी पूर्वसूचना न देता. त्यात ‘बीपीसाठी चांगलं’ म्हणून लो सोडियम मीठ आणलं जातं. त्यात सोडियमच्या जागी बऱ्याच अंशी पोटॅशियमच असतं. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये अशा मिठाची शिफारस केली, पण किडनीचा आजार असलेल्यांना त्यातून वगळून. तेव्हा पाहुण्यांनो, डायलिसिसवरच्या माणसाकडे जाताना शहाळी नेऊ नका. त्यापेक्षा तासभर बसून गप्पा मारा. आणि बीपीच्या गोळीवाल्यांनो, खाऱ्या सुकटीतलं मीठही मीठच असतं बरं का. सकाळी गोळी आणि रात्री सुकट म्हणजे एका हाताने नावेतलं पाणी उपसायचं आणि दुसऱ्या हाताने भरायचं.

ग्रेपफ्रूटवरून हसले होते, पण त्याचंही आपल्याकडे थोरलं भावंड आहे. पपनस! ग्रेपफ्रूट हे पपनस आणि संत्रं यांच्या संकरातून झालेलं फळ. १९८९ साली कॅनडात डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी दारू आणि फेलोडिपिन या बीपीच्या गोळीचा एकत्र परिणाम बघत होते. दारूची चव झाकायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला, आणि भलताच गुन्हेगार सापडला. दारूपेक्षा रसानेच गोळीचं रक्तातलं प्रमाण कितीतरी वाढलं होतं. आतड्यातलं औषध मोडणारं एक एन्झाइम तो रस निकामी करतो, आणि परिणाम दिवसभराहून जास्त टिकतो. पपनसातही तीच द्रव्यं आहेत. तेव्हा कोलेस्टेरॉलसाठी सिमव्हास्टॅटिन किंवा अॅटोरव्हास्टॅटिन घेणाऱ्यांनी, आणि विशेषतः किडनी बदललेल्यांनी, गणपतीपुढचं पपनस खाण्याआधी डॉक्टरांना विचारावं. सकाळी गोळी आणि दुपारी फळ असं अंतर ठेवून इथे भागत नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात, कारण त्यांना अंतर पुरतं. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याने, आणि चहा अर्ध्या-एक तासाने. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर चहातलं टॅनिन लोह शोषू देत नाही, कोकम सरबत किंवा लिंबूपाण्याबरोबर घेतली तर उलट बरं. लावणीच्या दिवसांत लेप्टोसाठी डॉक्सीसायक्लिन दिलं तर ते लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर एकदम गिळू नका. पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका.

यावर आमच्या एका डॉक्टर स्नेह्यांचं म्हणणं असं की एवढं सगळं सांगत बसलो तर लोक घाबरून गोळ्याच सोडतील, आणि ओपीडीत एका पेशंटला मिळतात जेमतेम तीन मिनिटं. वेळेचा मुद्दा मला मान्य आहे. भीतीचा नाही. लोक माहितीने घाबरत नाहीत, अर्धवट माहितीने घाबरतात. त्या बांगडेवाल्या दादांना कोणी काहीच सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी गोळी सोडलीच की. आणि सगळ्यांना सगळं सांगायचं नाहीच आहे. टीबीवाल्याला बांगडा, झडपवाल्याला पालेभाजी, किडनीवाल्याला शहाळं. प्रत्येकाला एकच वाक्य, त्याच्या ताटातलं. त्याला तीन मिनिटं लागत नाहीत.

सरकारी केंद्रात टीबीच्या गोळ्या देतात तिथे भिंतीवर एक मराठी तक्ता लागला, त्यावर बांगड्याचं चित्र असलं, तर मला नाही वाटत खर्च फार येईल. आमच्या दुकानात मी तो हाताने लिहून लावला आहे. औषध विकणाऱ्या माझ्या बाकीच्या भाऊबंदांनीही लावावा.

आणि तुम्हा सगळ्यांसाठी, विशेषतः मुंबई-पुण्यात राहून गावी आई-वडिलांना गोळ्यांचे डबे पाठवणाऱ्या माझ्या भावंडांसाठी एक काम. पुढच्या फोनवर "गोळ्या घेतल्या का?" याच्या जोडीला "आज जेवायला काय होतं?" हेही विचारा. गोळीनंतर किंवा जेवणानंतर काही वेगळं झालं, तर तो दिवस, ते जेवण आणि ती वेळ फाइलच्या मागच्या पानावर लिहून ठेवायला सांगा, आणि डॉक्टरांसमोर ते पान आधी उघडायला सांगा. नारळी पौर्णिमेनंतर बाजार पुन्हा बांगड्याने भरेल, त्याच्या आत एवढं केलंत तर बरं.